पाण्यातली फटफटी

परसराम, तुझ्या तेरवीच्या जेवणात वरण अळणी झालं होतं. तू असतास तर पहिल्या घासालाच बोलला असतास, आणि सुमननं तुला डोळ्यांनी दटावलं असतं. सगळे मान खाली घालून मुकाट्यानं जेवले. पंगतीत बसल्या बसल्या तेव्हा मला नीट कळलं की तू गेलास. त्याआधीचे सगळे दिवस मी नुसता कामं करत होतो, लाकडं आणा, पाहुण्यांना पाणी द्या, मांडवाला बांबू कमी पडला तो बघा.

आपण साडभाऊ. तुझी सुमन धाकटी, माझी कमल थोरली. सासऱ्यांनी एक पोरगी वैनगंगेच्या या काठाला दिली आणि एक त्या काठाला. मी चामोर्शीकडचा, धान पिकवणारा आणि डिझेल इंजिनावर पिठाची चक्की चालवणारा. तू सावलीकडचा, नदीत मासे धरणारा आणि उरलेल्या वेळात गावोगावची पाणी उपसायची इंजिनं खोलून बसणारा. नात्यानं मी थोरला, म्हणून तू मला भाऊ म्हणायचास, ‘तुमी’ म्हणायचास, आणि त्या ‘तुमी’च्या आड राहून वाट्टेल ते ऐकवायचास. "भाऊ, तुमचं चक्कीवालं डोकं इथी नका लावू," हे तर मी इतक्यांदा ऐकलंय की आता कोणी म्हणत नाही तर चुकल्यासारखं होतं.

दोन्ही घरांच्या मधे पाणी केवढं? उन्हाळ्यात तर या काठावरून मारलेली हाक त्या काठाला ऐकू जायची. पण कमलसाठी ते पाणी म्हणजे समुद्र. लहानपणी नदी ओलांडताना लाकडी डोंगा उलटला होता आणि ती खाली सापडली होती. तेव्हापासून डोंग्यात पाय टाकायचा म्हटलं की तिच्या अंगाला घाम फुटायचा. बहिणीला भेटायचं तर गडचिरोलीवरून फिरून एसटी, मग सावलीला उतरून दुसरी गाडी, मग पायी. जाण्यातच दिवस जायचा. दिवाळीला एकदा आणि उन्हाळ्यात एकदा, एवढंच. बाकी वर्षभर दोघी बहिणी आपापल्या काठावर धुणं धुताना एकमेकींना हात करायच्या, लुगड्याच्या रंगावरून ओळखायच्या.

मग तू ती आणलीस. तिकडे कुठल्याशा ठेकेदारानं तलावावर पर्यटकांसाठी वॉटर स्कूटर आणून ठेवली होती. पर्यटक काही आले नाहीत. ती ताडपत्रीखाली पडून राहिली, उंदरांनी सीट कुरतडली. तू त्याचं पाण्याचं इंजिन नीट करून दिलंस आणि मजुरीच्या बदल्यात ही मागून घेतलीस. बैलबंडीवर घालून गावात आणलीस तेव्हा निम्मं गाव मागे. कोणी तिला नाव दिलं, पाण्यातली फटफटी. मी पाहायला आलो आणि म्हणालो, "परसराम, नदीवर राहतोस, घरचा डोंगा आहे, मग हे डबडं कशाला?"

तू म्हणालास, "बाईसाठी."

बाई म्हणजे कमल. थोरल्या मेहुणीला तू बाई म्हणायचास. मला वाटलं थट्टा करतोयस. तुझं सगळं बोलणं थट्टेच्याच सुरात असायचं, त्यात खरं कुठलं हे ओळखायला मला वीस वर्षं कमी पडली.

तू पहिल्यांदा ती आमच्या घाटावर आणलीस तेव्हा कमल लांब वडाखाली उभी राहिली. तू म्हणालास, "बाई, नुसती बसून पाह्य. चालू नाई करत. रेतीवरच आहे." ती बसली आणि लगेच उतरली. पुढच्या खेपेला घोटाभर पाण्यात बसवलंस. त्यापुढच्या खेपेला इंजिन बंदच ठेवून, स्वतः कमरेइतक्या पाण्यात उतरून, तिला बसवून हातानं ढकलत इकडून तिकडे फिरवलंस, जशी लहान पोरांना जत्रेतल्या घोड्यावर फिरवतात. मी काठावरून हसत होतो. तुला घाई नव्हती. दिवाळीपासून हे चाललं होतं, आणि पौषात एका सकाळी कमल तुझ्या मागे बसून त्या काठाला गेली. सुमन घाटावर भांडी घासत होती. तिच्या हातातली परात नदीत वाहून गेली, ती अजून सापडली नाही.

त्यानंतर तू जो त्या यंत्राच्या मागे लागलास! मी चिडवायचो, पण कारण मला ठाऊक होतं. तू एकदा बोलून गेला होतास, "नदीच्या मधात बंद पडली का बाई पुन्हा कधी बसन नाई." मग काय, पेट्रोल हाच तुझा देव झाला. गावातल्या दुकानात बाटलीनं मिळणारं पेट्रोल, त्यात रॉकेल किती आणि पाणी किती ते दुकानदारालाच माहीत. तू ते काचेच्या बरणीत ओतून उन्हात धरायचास, खाली पाण्याचा थर दिसतो का बघायचास, मग सुमनच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा चार पदरी करून त्यातून गाळायचास. मी म्हणायचो, अरे, लुगड्याचे धागेच जाऊन बसतील जाळीत. तू म्हणायचास, "सुमनच्या लुगड्याचा धागा इंजिन अडवत नाई, भाऊ. मलेच अडवते." आणि सुमन आतून ओरडायची, "काय म्हनून राह्यले तुमी?"

रबरी नळ्या तर किती बदलल्यास. आधी फवारणीच्या पंपाची नळी लावलीस, ती पेट्रोलनं लाकडासारखी कडक झाली. मग चंद्रपूरहून गाडीच्या दुकानातून खरी नळी आणलीस. टाकीच्या झाकणाला हवा जायला बारीक छिद्र, त्यात गांधीलमाशीनं मातीचं घर केलं होतं. इंजिन चालू व्हायचं आणि थोडं पुढे जाऊन गुदमरायचं. तुला ते कळायला आठवडा लागला, आणि कळल्यावर तू आमच्याकडे खास सांगायला आलास, चहा गार होईपर्यंत सांगत बसलास. चालू करायच्या आधी सीट उचलायची, आतली वाफ जाऊ द्यायची, नाक लावून वास घ्यायचा, मगच चावी. आणि घाटावर कधी चालू करायची नाही, कमरेइतक्या पाण्यात ढकलत न्यायची, नाहीतर ती खालून रेती ओढते. कमलला घ्यायला यायच्या दिवशी आधी एकट्यानं एक फेरी मारून बघायचास. मी ते सगळं पाहायचो आणि नावं ठेवायचो.

आणि ते टोरीचं तेल. त्यावरून आपलं भांडण अर्धवटच राहिलं, तेव्हा इथंच सांगून टाकतो, ती कल्पना तुझीच होती. पेट्रोलात मिसळायचं इंजिनाचं तेल संपलं होतं आणि दुसऱ्या दिवशी चामोर्शीचा बाजार, तुला माझ्याकडे यायचं होतं. घरात काय होतं? मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल, घाण्यावरून नुकतंच आणलेलं, डबाभर. तू म्हणालास, "बंडीच्या आसाले चालते, मानसाच्या सांध्याले चालते, वडे तळाले चालते. हिले काऊन नाई चालन?" मी फक्त मान हलवली. तू नंतर सगळ्यांना सांगत फिरलास की भाऊंनी सांगितलं. मी मान हलवली होती, बस. त्या मान हलवण्याचा अर्थ तू तुझ्या सोयीनं लावलास.

चालली मात्र फर्मास. मागे पांढरा धूर, आणि अख्ख्या नदीवर तळणाचा वास. आमच्या घाटावर बायका विचारायला लागल्या, "कोनाच्या घरी पाहुने आले गं? कोन वडे तळून राह्यलं?" तू हँडल धरून छाती काढून बसला होतास. मग चार दिवस कडाक्याची थंडी पडली. पेट्रोल उडून गेलं आणि ते तेल कार्बोरेटरमधे तुपासारखं थिजून बसलं. त्या आठवड्यात कमलला न्यायचं होतं. तू नेहमीप्रमाणे आधी एकट्यानं चालवून पाहायला गेलास आणि ती हललीच नाही. मग अंगणात तुझं दुकान. कोंबडीच्या पिसानं ती पांढरी चरबी खरवडतोयस, कोमट पाण्यात भांडं शेकतोयस, आणि सुमन म्हणतेय, "फेकू नका, दिव्याले होईन." संध्याकाळपर्यंत तू ती चालू केलीस. कमलला उशीर झाल्याचं कारण तू सांगितलंस, मासे जास्त सापडले. ती त्यावर विश्वास ठेवून होती, परवापर्यंत. परवा मीच सांगितलं. खूप हसली, मग पदर तोंडाशी धरून बसली.

दुसरं भांडण टाकीचं. पावसाळ्यात यंत्र शेडमधे ठेवायचं तेव्हा टाकी रिकामी करायची की भरून ठेवायची? मी म्हणायचो भरून. माझ्या चक्कीच्या इंजिनाची टाकी मी काठोकाठ भरतो, रिकाम्या जागेत दव धरतं, पाणी होतं. तू म्हणायचास रिकामी, कार्बोरेटरमधला शेवटचा थेंब जळेपर्यंत इंजिन चालवून. "पेट्रोल शिळं होते, भाऊ. डिझेल म्हनजे म्हातारं मानूस, बसून राह्यते. पेट्रोल नाई बसत." किती पावसाळे आपण हेच बोललो! बायका उठून जायच्या. मी पटवून घ्यायला तयार नव्हतो आणि तूही. पटलं असतं तर पुढच्या वर्षी बोलायला काय उरलं असतं?

दिवाळीनंतर तू खाटेवर पडलास. पोटाचं ते दुखणं आम्हाला साधं वाटलं, तुलाही. मी डोंग्यानं यायचो, तुझ्या उशाशी बसायचो. कमलचं येणं थांबलं होतं, कारण आणणारा तूच आडवा झाला होतास. बसनं एकदा येऊन गेली तेवढीच. शेवटच्या भेटीत तू विचारलंस, "भाऊ, शेडमधी पाह्यलं का? सुमनकडून टाकी रिकामी करून घेतली मी." मी म्हणालो, भरून ठेवायला हवी होतीस. तू हसलास आणि हसता हसता खोकलास. "बरा झालो का दाखवतो तुमाले." मला त्या दिवशी दुसरंच बोलायचं होतं. माझ्या बायकोला तू तिची बहीण परत दिलीस, हे मला म्हणायचं होतं. पण आपल्यात असलं बोलायची रीत नाही, लाज वाटते. मी चक्कीचा पट्टा तुटल्याचं सांगितलं आणि निघालो.

मग त्या सकाळी मोबाईलवर फोन आला. मी कमलला घाटावर नेलं. डोंगेवाला तयार होता. तिनं एक पाय डोंग्यात टाकला, डोंगा जरा डुलला, आणि तिनं पाय काढून घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा काढला. "मले नाई होत," म्हणाली. तुझी फटफटी तुझ्याच काठावर, शेडमधे, कोरडी. मी डोंग्यानं आलो आणि ती शेजारणीला घेऊन बसनं निघाली. पोचली तेव्हा आम्ही तुला पोचवून परत आलो होतो. तिला तुझं तोंड दिसलं नाही. ती सुमनजवळ जाऊन बसली ती तेरवीपर्यंत तिथंच राहिली.

तेरवीनंतर नवरा गेलेल्या बाईला माहेरच्या माणसानं आपल्या घरी न्यायचं, निदान एक रात्र तरी, ही आपल्याकडची रीत. सासू-सासरे कधीच गेले, मेहुणा नाही. सुमनचं माहेर म्हणजे कमल. मी म्हणालो, सकाळच्या एसटीनं निघू.

कमल म्हणाली, "बसनं नाई नेत मी तिले. त्या बसनं मले उशीर केला. परसरामभाऊ ज्या वाटेनं नेत होते, त्याच वाटेनं नेईन."

"आणि फटफटी सुरू नाही झाली तर? झाली आणि तू घाटावरून परत फिरलीस तर?"

मला कळत होतं, या वेळी ती फिरली तर कायमची फिरली. मग पुन्हा तेच, वर्षातून दोनदा, लुगड्याच्या रंगावरून ओळख. आणि आता तर सुमन घरात एकटी.

म्हणून मी तुझ्या शेडमधे शिरलो. सीट काढली. परसराम, टाकी कोरडी ठणठणीत, एक कण गाळ नाही, हे मान्य. पण तुझा कार्बोरेटर उघडला तर आतला रबरी पडदा वाळून पापडासारखा झाला होता, आणि नळी टाकीच्या तोंडाशी तडकली होती. ओलं राहिलं असतं तर झालं नसतं. मी मोठ्यानं म्हणालो, "बघ!" आणि ऐकायला कोणी नव्हतं. जिंकण्यात एवढी मजा नसते हे मला आधी ठाऊक नव्हतं.

सुमन चहा घेऊन आली. पडदा हातात घेऊन तिनं वाकवून पाहिला. "पेट्रोलात तेल टाकून भिजत ठेवा, भाऊजी. नरम पडते. ते तसंच करत होते." रात्रभर भिजत ठेवला. सकाळी खरंच नरम झाला होता. नळीचं तडकलेलं टोक कापून टाकलं, उरलेली तारेनं घट्ट बांधली. एका पोराच्या मोटारसायकलची बॅटरी मागून आणली. पेट्रोल सुमननं गाळलं. लुगडं ह्या वेळी नवंच होतं, हिरवं. मी म्हणालो, अगं, हे कशाला फाडलंस? ती म्हणाली, "आता कोनासाठी ठेवू?" आणि गाळत राहिली. मी तोंड फिरवलं.

बंडीवरून घाटावर आणली, कमरेइतक्या पाण्यात ढकलली. मी चावीला हात घातला तोच सुमन ओरडली, "वास नाई घेतला, भाऊजी!" सीट उचलली, थांबलो, वास घेतला. मग चोक ओढून चावी फिरवली. दोनदा खोकून बंद. तिसऱ्यांदा धूर आला आणि ती लागली. काठावरची पोरं नाचायला लागली. खोटं कशाला सांगू, मीही नाचलो असतो, पाण्यात पाय रुतले होते म्हणून वाचलो.

मी एक फेरी मारून आलो, तुझ्यासारखी. दोनदा रेतीच्या टेकाडाला लागता लागता राहिलो. घाटाला आणून म्हणालो, "चल कमल. आधी तुला सोडतो, मग सुमनला न्यायला येतो."

कमलनं माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या मागं? त्यापेक्षा मी पोहत जाईन."

तिला पोहता येत नाही. मी काही बोलायच्या आत सुमननं पदर खोचला, पाण्यात उतरली आणि हँडल धरून बसली. तिला चालवता येतं हे मला माहीत नव्हतं. तू शिकवलं असशील, आणि मला सांगितलं नसशील, कारण मी नावं ठेवली असती. ती म्हणाली, "बाई, बस."

कमल घाटाच्या पायरीवर उभी होती. मी घाई केली नाही, तू असतास तर तूही केली नसतीस. तिनं पाय पाण्यात टाकला. पाणी पोटऱ्यांपर्यंत आलं, मांड्यांपर्यंत आलं. सीटला हात लावून ती थांबली, बराच वेळ थांबली. मग चढली, आणि सुमनच्या कमरेला दोन्ही हातांनी घट्ट मिठी घातली.

त्या निघाल्या. मी तुझ्या काठावर राहिलो, डोंगेवाल्याची वाट पाहत. नदीच्या मधे, जिथं रेतीचं टेकाड वर येतं, तिथं फटफटीचा वेग एकदम कमी झाला. मला वाटलं नळी निसटली. पण आवाज चालू होता. मग दिसलं की कमलचा एक हात सुमनच्या कमरेवरून सुटलाय आणि समोर पसरलाय, उजवीकडे, मग जरा डावीकडे. फटफटी त्या हाताप्रमाणे वळत टेकाडाला वळसा घालून गेली आणि आमच्या घाटाला लागली.

मी घरी पोचलो तेव्हा दोघी अंगणात केस वाळवत बसल्या होत्या. मी कमलला विचारलं, मधे काय झालं होतं.

"सुमन रडून राह्यली होती," ती म्हणाली. "तिले समोरचं काई दिसत नव्हतं."

"मग? तू तर डोळे मिटून बसतेस. परसराम नेहमी सांगायचा, बाई काठाला लागेपर्यंत डोळे उघडत नाही."

"मग मी उघडले," कमल म्हणाली. "कोनी तरी पाहाले पाहिजे ना."